मुलगी जर्मनीत आणि हप्ते गावाकडे

पत्राचा गोषवारा : सांगली जिल्ह्यातल्या एका निवृत्त ग्रामसेवकांचं हे पत्र आहे. त्यांची चोवीस वर्षांची मुलगी सप्टेंबर २०२५ मध्ये पूर्व जर्मनीतल्या एका सरकारी विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या मास्टर्ससाठी गेली. फी नाममात्र, पण राहण्याच्या खर्चासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४ युरो भरावे लागले. त्यासाठी आणि बाकीच्या खर्चासाठी एका फायनान्स कंपनीकडून आठ लाखांचं शैक्षणिक कर्ज काढलं आणि सहा लाख साडूंकडून हातउसने घेतले. 'व्हिसापुरते दाखवायचे, वर्षभरात परत करतो' अशी बोली होती. मुलगी एका पार्सल गोदामात आठवड्याला दहा तास काम करते आणि ती कमाई जवळजवळ सगळी घरी पाठवते. त्यातून साडूंचे निम्मे पैसे फिटले. उरलेले तीन लाख दिवाळीपर्यंत द्यायचे आहेत. शिवाय कंपनीचं व्याज महिन्याला सात हजारांच्या वर. कॅनडात शिकणारा पुतण्या मात्र दरमहा पन्नास हजार पाठवतो. मुलीला तिथल्या एका भारतीय रेस्टॉरंटमध्ये रोखीचं काम मिळतंय. पुण्यातल्या एका ओळखीच्या कंपनीचं ऑनलाइन कामही मिळू शकतं, त्याचा पगार वडिलांच्या खात्यात जमा करायला कंपनी तयार आहे. मुलगी दोन्हीला नाही म्हणते. पहिल्या सेमिस्टरला चारपैकी दोनच पेपर सुटले. 'एखादं सेमिस्टर मागे पडलं तरी चालेल, उलट व्हिसा वाढून मिळेल. पण आधी देणं फिटू दे. तिला जरा समजावून सांगा,' असं वडिलांचं म्हणणं आहे.

नमस्कार.

समजावून सांगायचं काम तुम्ही मला दिलंत, पण पत्र दोनदा वाचल्यावर मी तुमच्या मुलीच्याच बाजूला जाऊन बसले आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुमची फसवणूक झाल्यासारखं वाटायला नको. तुमची काळजी खोटी नाही. पेन्शनीतून सात हजार व्याज आणि वर नात्यातलं देणं, झोप उडायला तेवढं पुरे. पण त्यावर तुम्ही जे तीन उपाय सुचवलेत ते तिन्ही तिचं शिक्षण आणि तिथलं राहणं एकदमच धोक्यात घालणारे आहेत.

सुरुवात ब्लॉक्ड अकाउंटपासून करू, कारण सगळा गुंता तिथून सुरू झालाय. 'दाखवायचे पैसे' हा शब्द तुमच्या पत्रात चार-पाच वेळा आलाय. एजंटने तो तुमच्या तोंडात बसवलाय, असं मला वाटतं. ते पैसे दाखवायचे नसतात, खायचे असतात. ११,९०४ युरो म्हणजे महिन्याला ९९२ युरो, आणि जर्मन सरकारच्या हिशेबाने एका विद्यार्थ्याला जगायला महिन्याला एवढे लागतात. खातं ब्लॉक्ड असतं ते याचसाठी, की एका महिन्यात त्याहून जास्त काढता येऊ नयेत. तुमच्या मुलीच्या शहरात खोली स्वस्त आहे हे खरं. तरी भाडं साडेतीनशे धरा, आरोग्य विमा दीडशेच्या आसपास, जेवणखाण, सेमिस्टरचं शुल्क, फोन, आणि टीव्ही नसला तरी दर घराला द्यावी लागणारी रेडिओ-टीव्हीची महिन्याची १८.३६ युरोंची पट्टी. नऊशे कधी संपले ते कळत नाही. एक युरो शंभर रुपये धरा, प्रत्यक्षात थोडे जास्तच पडतात.

म्हणजे साडूंचे सहा लाख तिच्या ताटातले होते, आणि ते परत करायचं तुम्ही आधीच कबूल करून बसला होतात. ती पोर गोदामात पार्सलं उचलून ते फेडते आहे. याला हातभार म्हणू नका. अर्धं देणं तिने एकटीने फेडलंय, परक्या देशातल्या पहिल्याच हिवाळ्यात.

आता कामाच्या नियमाबद्दल. 'तिथे विद्यार्थ्यांना कामाची परवानगी असते, मग ही का करत नाही' असं तुम्ही लिहिलंय. परवानगी असते, पण मोजून. रोजगार हमीची मस्टरं तुम्ही नोकरीत वर्षानुवर्षं पाहिली असतील. इथेही माणसाच्या नावावर दिवस पडत जातात, फक्त ते पगारपत्रकावरून पडतात. १ मार्च २०२४ पासून जर्मनीत परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. त्याआधी ही मर्यादा १२० आणि २४० होती. चार तासांपर्यंतचं काम हा अर्धा दिवस, त्याहून जास्त झालं की पूर्ण. मोजायची दुसरी पद्धत आठवड्याची आहे. लेक्चर चालू असताना आठवड्याला २० तासांच्या आत काम केलं, तर त्या आठवड्याचे सरसकट अडीच दिवस धरायचे. लेक्चर नसतात त्या काळात मात्र आठवड्याला चाळीस तास केले तरी अडीचच दिवस पडतात. दोन्हींतली जी पद्धत विद्यार्थ्याच्या फायद्याची, ती लागू होते.

याशिवाय मिनीजॉब नावाची एक भानगड आहे. तिचा व्हिसाशी थेट संबंध नाही, ती कर आणि विम्याची बाब. जानेवारी २०२६ पासून महिन्याला ६०३ युरोंपर्यंतचं काम मिनीजॉब धरलं जातं, आणि किमान वेतन तासाला १३.९० युरो झालंय. तुमच्या मुलीचे आठवड्याचे दहा तास त्यातच बसतात. मालक तिला जास्त तास का देत नाही, याचं उत्तर बहुधा तेच. मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर १४० दिवस, २० तास आणि ६०३ युरो या तिन्हींची अशी काही खिचडी होते की चांगली शिकलेली मुलंही गोंधळतात. तुमची मुलगी गोंधळलेली दिसत नाही.

रेस्टॉरंटमधल्या रोखीच्या कामाबद्दल तुम्ही म्हणता, 'सगळेच करतात, कोण बघायला येतंय?' बघायला येतात. तिथे हे काम कस्टम खात्याकडे आहे. त्यांची बेकायदा रोजगार तपासणारी स्वतंत्र शाखा आहे आणि हॉटेल-रेस्टॉरंटं तिच्या नेहमीच्या यादीतली. शुक्रवारी रात्री ऐन गर्दीत माणसं आत शिरतात, स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या प्रत्येकाची ओळखपत्रं मागतात. मालकाला दंड होतो तो त्याचा तो बघेल; पण परवानगीबाहेर काम करणाऱ्या परदेशी माणसालाही पाच हजार युरोंपर्यंत दंड होऊ शकतो, आणि ती नोंद निवास परवाना देणाऱ्या कार्यालयापर्यंत पोचते. तुम्हाला फेडायचेत तीन लाख रुपये, नि हा दंड पाच लाखांपर्यंतचा. शिवाय मालकाने दोन महिन्यांचे पैसे बुडवले, तर मागायला तिच्या हातात कागद नाही. आपलाच माणूस, मराठी बोलतो, म्हणून बुडवणार नाही असं समजू नका. मला आलेल्या पत्रांतले असे बुडवे निम्मे तरी आपलेच आहेत.

पुण्याच्या कंपनीचं ऑनलाइन काम तुम्हाला जास्त सुरक्षित वाटतंय, कारण पगार भारतात आणि तोही तुमच्या नावावर. पण काम कुठे झालं हे पगाराच्या खात्यावरून ठरत नाही. लॅपटॉप उघडून माणूस जिथे बसलंय, तिथे काम झालं. मुलगी जर्मनीत बसून करणार असेल तर ते तिथलंच काम. नोकरी म्हणून केलं तर त्या १४० दिवसांच्या हिशेबात येतं, आणि कंत्राटावर म्हणजे स्वतंत्र व्यवसाय म्हणून केलं तर त्याला वेगळी परवानगी लागते, जी विद्यार्थ्याच्या परवान्यात आपोआप नसते. डिलिव्हरीच्या काही ॲपची कंत्राटं, युट्यूबची कमाई, भारतातल्या मुलांच्या ऑनलाइन शिकवण्या, सगळीकडे हाच अडथळा आहे. आणि दुसऱ्याने केलेल्या कामाचा पगार तुमच्या खात्यात घेणं हे इथल्या आयकरालाही रुचणारं नाही. तुम्ही आयुष्यभर ग्रामपंचायतीचं दप्तर सांभाळलंत. दुसऱ्या कुणी हा प्रस्ताव आणला असता तर तुम्ही सही केली असतीत का?

तिसरा उपाय सेमिस्टर मागे टाकण्याचा. पत्रातलं हे वाक्य वाचून मी सगळ्यात जास्त दचकले. आपल्याकडे दोन विषय राहिले तर एटीकेटी लागते, मुलं पुढच्या वर्षात जातात, राहिलेले विषय निवांत सोडवतात. जर्मनीत विषय पुढे ढकलता येतो, पण प्रयत्न मोजलेले असतात. बहुतेक विद्यापीठांत तीन. सक्तीच्या एखाद्या विषयात शेवटचा प्रयत्नही फसला की नाव कमी होतं, आणि तोच अभ्यासक्रम साधारणपणे त्या देशातल्या दुसऱ्या विद्यापीठातही घेता येत नाही. नाव कमी झालं की परवान्याचा आधार गेला. परवाना तिला शिकण्यासाठी दिलाय. तो एक-दोन वर्षांपुरता असतो आणि अभ्यास ठीक चाललाय, वाजवी वेळेत पदवी होईल असं दिसलं तरच वाढवतात. नूतनीकरणाला गुणपत्रक मागतात. मागे पडलेलं सेमिस्टर हे परवाना वाढवून घ्यायचं कारण होईल, ही तुमची समजूत बरोबर उलटी आहे.

चारपैकी दोन पेपर राहिले हे मी हलक्याने घेत नाही, पण घाबरूनही जाऊ नका. पहिल्या सेमिस्टरला भारतातून गेलेल्या पुष्कळ मुलांचं असं होतं. परीक्षेची पद्धत वेगळी, वर्षभराचे इंटर्नल मार्क नाहीत, एका पेपरवर सगळं. ते दोन विषय तिने कोणत्या प्रयत्नात आणि कधी द्यायचे ठरवलेत, एवढं तिला विचारा. आणि विचारताना पैशाचा विषय त्याच फोनवर काढू नका.

पुतण्याचं म्हणाल, तर कॅनडाचा नियम वेगळा आहे. ८ नोव्हेंबर २०२४ पासून तिथे शिकत असताना कॉलेजबाहेर आठवड्याला २४ तास काम करता येतं, आणि अभ्यासक्रमात ठरवून दिलेल्या सुट्टीत पूर्णवेळ. महिन्याला पन्नास हजार पाठवतोय म्हणजे एक तर तो काटकसरीने राहतो, किंवा त्याची सुट्टी चालू आहे, किंवा तो मर्यादा ओलांडतोय. कॅनडाची फी किती भरली, त्याच्या वडिलांनी कर्ज किती काढलं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तुमच्या मुलीची फी नाममात्र आहे. दोन मुलांची तुलना करताना एकाची फक्त जमा नि दुसऱ्याची फक्त नावे बाजू मांडायची, हा हिशेब तुम्ही एरवी कुणाचा मान्य केला नसता.

(इतर देशांत मुलं असलेल्या पालकांसाठी जाता जाता : ब्रिटनमध्ये पदवी-मास्टर्सच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास. अमेरिकेत सत्र चालू असताना कॅम्पसवरच आणि २० तासच, बाहेरच्या कामाला वेगळी मंजुरी लागते. हे आकडे दर एक-दोन वर्षांनी बदलतात. एजंटच्या पत्रकावर विसंबू नका, त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर बघा.)

आता ज्या गोष्टीचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही, तिच्याकडे येते. मुलीचा परवाना डिसेंबरात संपतोय, एवढंच तुम्ही ओघात लिहिलंय. तो वाढवून घेताना पुढच्या वर्षाच्या खर्चाची सोय पुन्हा सिद्ध करावी लागते. तेच महिन्याला ९९२ युरो, रक्कम वाढवली तर त्याहून जास्त. तेव्हा पुन्हा साडूंकडे जाणार आहात का?

इथे मी तुमच्या जागी बसून थोडा हिशेब केला. पगारपत्रकं नियमित असतील तर पुष्कळ कार्यालयं चालू नोकरीचं उत्पन्न सोयीत धरतात. तिचे मिनीजॉबचे ६०३ युरो धरले, तर ९९२ ला कमी पडतात ३८९. वर्षाचे झाले ४,६६८. आतापासून नोव्हेंबरपर्यंत तिने स्वतःची कमाई स्वतःकडे ठेवली, तर सात महिन्यांत साधारण ४,२०० युरो जमतात. म्हणजे पुढच्या वर्षाची सोय ती जवळजवळ एकटीच्या बळावर करू शकते. अट एकच, ते पैसे तिने घरी पाठवता कामा नयेत. तिच्या शहरातलं कार्यालय नोकरीचं उत्पन्न किती धरतं, हे मात्र तिने आत्ताच ई-मेलने विचारून लेखी उत्तर घ्यावं.

मग साडूंचे तीन लाख कुठून द्यायचे? पत्राच्या अगदी शेवटी, सहीच्या वर, तुम्ही एक ओळ लिहिली आहे : 'तिच्या लग्नासाठी पाच लाखांची एफडी आहे, पण तिला हात लावायचा नाही असं आम्ही ठरवलंय.' ही ओळ तुम्ही पहिल्या पानावर लिहिली असतीत, तर पत्र तिथेच संपलं असतं. एफडीवर सहा-सात टक्के मिळत असतील. कर्जाला तुम्ही अकरा टक्के देताय. एका मुलीच्या नावाने पैसे बँकेत पडून आहेत आणि तीच मुलगी त्यांच्या भरपाईसाठी गोदामात उभी आहे. तिच्या लग्नाला ते पैसे लागतीलच, तिला हुंड्या-मानपानाचं लग्न करायचंय, किंवा इतक्यात करायचंय, हे तिने तुम्हाला सांगितलंय का? तुमच्या पत्रात तरी ते नाही. 'आम्ही ठरवलंय' मध्ये ती आहे की नाही, तेही कळत नाही. आणि तिच्या आईचं काय म्हणणं आहे?

एफडी मोडा, असं मी सरळ सांगते. मुदतीआधी मोडल्याने व्याजात थोडा फटका बसेल, तो सोसा. तीन लाख साडूंना स्वतः जाऊन द्या, दिवाळीची वाट न बघता. नात्यातलं देणं फिटलं की घरातला निम्मा ताण उतरतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. उरलेले दोन लाख कर्जात भरायचा मोह होईल; भरू नका. डिसेंबरात तिच्या सोयीत जे कमी पडेल ते त्यातून भरा. परवाना वाढला, की मग उरेल त्याचं काय करायचं ते बघा.

एफडी मोडायला मन धजतच नसेल, तर निदान साडूंशी बोलून मुदत एक वर्ष वाढवून घ्या आणि ते बोलणं तुम्ही करा. मुलीला त्या देण्यातून मोकळी करा.

फायनान्स कंपनीच्या कर्जाचा करार काढून बघा. सरकारी बँकांच्या शैक्षणिक कर्जात अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यापुढे साधारण वर्षभर हप्ता नसतो, व्याज मात्र चढत राहतं. फायनान्स कंपन्या बहुतेक वेळा पहिल्या महिन्यापासून व्याज वसूल करतात, सगळं किंवा काही भाग. तुमचा प्रकार कोणता आहे, अर्धवट व्याज भरण्याची सवलत मिळते का, हे लेखी विचारा. घर तुमच्या नावावर असेल तर ते तारण देऊन कर्ज सरकारी बँकेत हलवता येतं का, व्याजदर किती उतरतो, हेही एकदा शाखेत जाऊन विचारायला हरकत नाही. पण घर तारण टाकणं ही मोठी गोष्ट आहे; दोन टक्क्यांसाठी घाई करू नका. व्याज तुम्ही भरताय आणि जुन्या करपद्धतीत असाल, तर शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर मिळणारी आयकराची वजावट (१९६१ च्या कायद्यात कलम ८०ई) बघा. तुमच्या पेन्शनीवर कर बसत नसेल तर ती निरुपयोगी आहे.

मुलीने कमाई वाढवावी असं वाटत असेल, तर कायद्यात बसणारे रस्तेही आहेत, आणि ते तिला बहुधा तुमच्याआधी माहीत असतील. विद्यापीठातच प्राध्यापकाच्या हाताखाली किंवा लॅबमध्ये मिळणारं काम, ज्याला तिथली मुलं हिवी म्हणतात, ते १४० दिवसांच्या खात्यात मोजलं जात नाही. अभ्यासक्रमाचा सक्तीचा भाग असलेली इंटर्नशिपही मोजली जात नाही. दुसरं-तिसरं सेमिस्टर झालं की इंजिनिअरिंगची मुलं कंपन्यांमध्ये वेर्कस्टुडंट, म्हणजे शिकता शिकता काम करणारे कर्मचारी, म्हणून लागतात. आठवड्याला वीस तास, पगार गोदामापेक्षा बरा, आणि पुढच्या नोकरीच्या अर्जात ते काम चालतं. पार्सलं उचललेली त्या अर्जात चालत नाहीत. हे मिळायला बहुतेक ठिकाणी जर्मन भाषा लागते. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी कारखान्यातली, ऑफिसातली बैठक जर्मनमध्येच होते. म्हणून रेस्टॉरंटच्या त्या तासांत तिने जर्मनच्या बी-वन पातळीचा क्लास केला, तर तुमच्या कर्जाच्या दृष्टीनेही तो सौदा फायद्याचा.

जुलैच्या मध्यानंतर लेक्चर थांबतात. ऑगस्ट-सप्टेंबरात सहा-आठ आठवडे एखाद्या कारखान्यात पूर्णवेळ काम केलं तरी खात्यावर पंधरा-वीस दिवसच पडतील. किमान वेतनाने महिन्याला चोवीसशे युरोंच्या आसपास होतात. २०२६ सालात १२,३४८ युरोंपर्यंतच्या वार्षिक उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे पगारातून कर कापला गेला तर तो पुढच्या वर्षी विवरणपत्र भरून परत मागता येतो. पण लेक्चर नसणं म्हणजे सुट्टी नव्हे. परीक्षा त्याच काळात असतात, राहिलेल्या दोन पेपरांचा अभ्यासही तेव्हाच. किती आठवडे काम करायचं हे तिला ठरवू द्या.

मदतीचीही दारं आहेत. डॉइचलांडस्टिपेंडियम ही महिन्याला ३०० युरोंची शिष्यवृत्ती कोणत्याही देशाच्या विद्यार्थ्याला मागता येते. गुण लागतात, पण घरची परिस्थितीही बघतात. विद्यार्थी कल्याण संस्था, म्हणजे श्टुडिएरेंडेनवेर्क, अडचणीतल्या मुलांना सल्ला देतात. चर्चच्या विद्यार्थी संघटनांकडे परदेशी मुलांसाठी अडचणीच्या वेळचा निधी असतो. तिने तिथे एकदा जाऊन यावं. सल्ल्याला पैसे पडत नाहीत.

तुम्हाला खरी घाई आहे ती कर्ज फिटण्याची, आणि ते ज्यातून फिटायचंय तो काळ पदवीनंतर येतो. तिथल्या विद्यापीठाची पदवी हातात आली की नोकरी शोधायला अठरा महिन्यांचा परवाना मिळतो, आणि त्या अठरा महिन्यांत कामाच्या तासांवर बंधन नसतं. हवं तर त्याच रेस्टॉरंटमध्ये, पगारपत्रकावर, पूर्णवेळ उभं राहता येतं. पदवीला साजेशी नोकरी लागली की कुशल कामगाराचा परवाना किंवा ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांसाठीचा परवाना. नव्या पदवीधरांसाठी ब्लू कार्डची २०२६ ची वार्षिक पगाराची मर्यादा ४५,९३४ युरो आहे. आणि तिथल्या पदवीधराला अशा नोकरीची दोन वर्षं, तेवढीच पेन्शनची वर्गणी आणि बी-वन जर्मन एवढ्यावर कायम निवासाचा अर्ज करता येतो. आठ लाखांचं कर्ज तिथल्या इंजिनिअरच्या पगारातून दोन वर्षांत फिटतं. गोदामाच्या मजुरीतून ते फेडायला निघालात तर पदवीच हातची जाईल.

नोकरी लागेलच असं मी सांगत नाही. तिथला वाहन उद्योग सध्या अडचणीत आहे. फोक्सवॅगनने २०३० पर्यंत ३५ हजार जागा कमी करायचा करार डिसेंबर २०२४ मध्येच केलाय, बॉशने २०२५ मध्ये आणखी १३ हजारांची घोषणा केली. भाषा न येणाऱ्या परदेशी मुलांना पहिला फटका बसतो. म्हणून तर म्हणते, तिचा आत्ताचा वेळ मजुरीत घालवायला लावू नका.

मुलांना पाठवायच्या तयारीत असलेल्यांनो, तुमच्यासाठी दोन गोष्टी. 'पार्ट टाइममध्ये खर्च निघून वर लाखभर सुटतो' असं एजंट म्हणाला, तर ते त्याच्या लेटरहेडवर लिहून मागा. तो देणार नाही. आणि कर्जाआधी शिष्यवृत्ती बघा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, इतर प्रवर्गांसाठी त्या-त्या विभागाच्या योजना आहेत. जागतिक क्रमवारीची अट असते, त्यामुळे विद्यापीठ निवडण्याआधीच नियम वाचायला हवेत. खासगी विद्यापीठ असेल तर अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गातला आहे की अर्धा ऑनलाइन, हे नीट बघा. २०२५ मध्ये बर्लिनमध्ये एका खासगी विद्यापीठाच्या भारतीय विद्यार्थ्यांचे परवाने याच मुद्द्यावर अडकले.

राहिलं नूतनीकरण. डिसेंबरचा परवाना म्हणजे अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरातच जायला हवा. अपॉइंटमेंट मिळत नाही अशी तिथे सर्रास तक्रार आहे. मिळाली नाही तरी मुदत संपण्याआधी अर्ज पोचल्याचा पुरावा तिच्याकडे असला पाहिजे. वेळेत अर्ज केला असेल तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना कामाच्या हक्कासकट चालू धरतात, आणि तसा कागदही देतात. फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग हे त्याचं नाव. तो हातात येईपर्यंत तिने भारतात यायचं तिकीट काढू नये. दिवाळीला बोलावणार असाल तर हे आधी तिला विचारा.